अन्नटंचाई ओळखावी कशी?

सहायता समितीच्या वृत्तांतांत जमाखर्च, धान्यवांटप व देणगीदारांचीं नांवें यांस मुख्य स्थान असावें हें योग्यच आहे. परंतु ज्या संकटाच्या निवारणार्थ द्रव्य मागावयाचें, त्याचें स्वरूप दात्याच्या ध्यानीं नीट आलें नसेल, तर दान अवेळीं व अस्थानीं जातें. म्हणून अन्नाची टंचाई म्हणजे वस्तुतः काय, याचा थोडा विचार आमच्या तोंडवलीच्या उदाहरणावरून सुज्ञ वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

तोंडवली हा मालवण तालुक्यांतील समुद्रकांठचा गांव. तळाशीलच्या बाजूस गेलें म्हणजे एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे गड नदीची खाडी, आणि मध्यें वाळूची चिंचोळी पट्टी, असा देखावा दिसतो. माड येथें चांगले होतात. भातास जमीन थोडी. पुष्कळ घरांचें खरें शेत म्हणजे समुद्र, आणि तें शेत पावसाळ्यांत बंद असतें. यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. लहान होडीवाल्यास कायद्यानें नव्हे तरी खवळलेल्या लाटांनीं बंदी केलेलीच असते. त्या दिवसांत मालवणच्या बाजारांत तांदुळाचीं पोतीं रचलेलीं असतात. पण ज्याच्या गांठीं पैसा नाहीं, त्यास तीं पोतीं असून नसून सारखींच. दुकान भरलेलें आणि चूल थंड, असें हें दुखणें आहे.

म्हणून अन्नाविषयीं एक नव्हे, चार प्रश्न विचारावे लागतात. धान्य आहे काय? तें मिळविण्याचें सामर्थ्य आहे काय? खाल्लेलें अन्न शुद्ध असून अंगीं लागतें काय? आणि हीं तिन्ही वर्षाचे बाराही महिने टिकतात काय?

पहिल्या प्रश्नाचा दाखला जवळचाच आहे. १९८१ पर्यंत हा तालुका रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. त्या जिल्ह्याचें भात जिल्ह्यास पुरत नसे. उणें पडे तें बाहेरून, आणि त्यांतही ब्रह्मदेशाहून, आलेल्या तांदुळानें भरून निघे. व तो विकत घेण्यास मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी उपयोगीं पडत. मार्च १९४२ मध्यें जपानी सैन्यानें रंगून घेतलें आणि ती आवक खुंटली. शेंकडों कोसांवरच्या लढाईनें कोंकणांतील पेजेच्या तपेल्यांत हात घातला तो असा.

परंतु धान्य खुंटणें हेंच दुष्काळाचें एकमेव कारण समजणें चूक होय. १९४३ सालीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें उपासमारीनें व तिच्यामागून आलेल्या रोगांनीं मेलीं. अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, त्या सालचा तेथील धान्यपुरवठा मागील पांच वर्षांच्या सरासरीहून सुमारें ५ टक्केच कमी होता, व १९४१ पेक्षां तर अधिकच होता. युद्धाच्या खर्चानें भाव भडकले, मजुरी मागें राहिली, आणि ज्यांच्या घरीं स्वतःचें भात नव्हतें ते शेतमजूर व मच्छिमार आधीं बळी पडले. आमच्या गांवानें हें शेवटचें नांव विसरूं नये.

याच्या उलट १९७२-७३ चा महाराष्ट्रांतील दुष्काळ पाहा. पीक बुडालें होतें. परंतु १९७३ च्या उन्हाळ्यांत सरकारी कामांवर सुमारें ५० लक्ष मजूर राबत होते. हातीं मजुरी पडत होती, म्हणून हाल झाले तरी बंगालसारखा संहार झाला नाहीं. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना या अनुभवानें दृढ झाली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला.

तिसरा प्रश्न शुद्धतेचा. भुकेल्यास दिलेलें दूषित अन्न हें दान नव्हे, अपाय होय. म्हणून वांटप करणाऱ्या स्वयंसेवकांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. शिजलेला भात उबेंत तासन्‌तास राहिला तर त्यांत होणारें विष पुन्हां ऊन केल्यानें जातेंच असें नाहीं. यास्तव मोठ्या पातेल्यांतील अन्न कढत असतांनाच वाढावें. बांगडा, तारली यांसारखी मासळी बर्फावांचून उन्हांत राहिल्यास तिच्यांत हिस्टामीन नांवाचें द्रव्य वाढतें, आणि तें शिजविल्यानें नष्ट होत नाहीं. धान्य ओलें सांठविलें तर बुरशी धरते. भुईमुगावरील कांहीं बुरशींचें विष यकृतास घातक असतें, म्हणून काळे, कुबट दाणे निःशंकपणें टाकावे. आणि शक्य तेथें उकडा तांदूळच द्यावा. भात उकडतांना कोंड्यांतील जीवनसत्त्वाचा कांहीं अंश दाण्यांत उतरतो व सडल्यावरहि टिकतो. आपल्या वडीलधाऱ्यांची पेज यामुळेंच अंगीं लागत असे.

चौथा प्रश्न स्थैर्याचा, आणि येथें वकील या नात्यानें दोन शब्द लिहितों. दया ऋतूप्रमाणें येते व जाते, हक्क टिकतो. १८९६-९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’तून फॅमिन कोडांतील रयतेचे हक्क रयतेस मराठींत समजावून दिले, तें हें जाणूनच. आज राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ आहे. त्याअन्वयें अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबांतील दर माणशीं ५ किलो धान्य मिळावयाचें असून, १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य झालें आहे. हक्काचें धान्य न पुरविल्यास कलम ८ प्रमाणें भत्ता मागतां येतो. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागतां येते. आणि शिधापत्रिकेवर १८ वर्षांवरील वडील स्त्रीच कुटुंबप्रमुख समजली जाते. परंतु लग्न होऊन आलेल्या सुनेचें नांव पत्रिकेवर चढलेलें नसतें, किंवा दोर ओढून झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाहीं, आणि हक्क असूनहि माणूस रिकाम्या पिशवीनें परततो. असा माणूस बहुधा तक्रार करीत नाहीं; तो घरीं एक वेळची पेज कमी करतो.

तेव्हां वाचकांस विनंति ही कीं, मृत्यूची वार्ता येईपर्यंत टंचाई आली नाहीं असें समजूं नये. भांडीं गहाण पडूं लागलीं, जाळें विकावयास निघालें, मूल शाळेंतून निघून कामास लागलें, कीं टंचाई दारांत आली असें समजावें. त्या वेळीं दिलेला एक रुपया पुढील दहांचें काम करतो. कारण विकलेलें जाळें पुन्हां घेणें गरिबाच्या आटोक्याबाहेरचें असतें. ज्यांस द्रव्य देणें शक्य नाहीं, त्यांनीं शेजाऱ्याचा एक अर्ज लिहून द्यावा व कचेरींत त्याच्यासोबत जावें. तेंहि अन्नदानच होय.