बिटबेक : वरण क्लासचं, फोडणी आपली

फायनल इयरच्या प्रोजेक्टला बोर्ड आणला आणि त्यावर स्वतःचं लिनक्स चढवायचं ठरलं, की 'योक्टो'शी गाठ पडते. योक्टो प्रोजेक्ट लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केला. त्यातलं बिल्ड टूल म्हणजे बिटबेक. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि २००४ मध्ये ओपनएम्बेडेड प्रकल्पातून वेगळं झालं.

बिटबेकमध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरची एक 'रेसिपी' असते. सोर्स आणणं, उघडणं, कम्पाइल करणं, इन्स्टॉल करणं ही कामं फंक्शन्स करतात. काही फंक्शन्स शेलमध्ये असतात, काही पायथनमध्ये. पण नुसतं फंक्शन लिहून ठेवलं तर ते चालत नाही. 'अ‍ॅडटास्क' लिहून त्याला रांगेत उभं करावं लागतं. मगच ते टास्क होतं.

मग क्लास कशाला? मेसमधलं उदाहरण घ्या. वरण कसं करायचं हे मावशींना रोज सांगावं लागत नाही. तसंच अनेक रेसिपींना लागणारी तीच ती फंक्शन्स क्लासमध्ये एकदाच लिहिलेली असतात. 'बेस' क्लास प्रत्येक रेसिपीला आपोआप मिळतो. 'ऑटोटूल्स' किंवा 'सीमेक' हवा असेल तर 'इनहेरिट ऑटोटूल्स' अशी एक ओळ पुरते. कॉन्फिगर, कम्पाइल, इन्स्टॉल तिन्ही तयार! सी++ मधला क्लास मात्र डोक्यातून काढा. इथे ऑब्जेक्ट वगैरे काही बनत नाही.

खरी गोची पुढे आहे. समजा, प्रोग्रॅमसोबत एक कॉन्फिग फाइलही बोर्डवर टाकायची आहे. म्हणून रेसिपीत नवीन 'डू_इन्स्टॉल' लिहिलं आणि त्यात फक्त ती फाइल कॉपी केली. बिल्ड बिनबोभाट पूर्ण होऊ शकतो. बोर्ड सुरू केला तर फाइल आहे, प्रोग्रॅमच गायब! कारण आपल्या फंक्शनने क्लासचं फंक्शन पूर्ण बाजूला सारलं. "वरण मी करतो" म्हणून मावशींना थांबवलं आणि केली फक्त फोडणी. डाळ शिजवणार कोण?

यावर उपाय दोन. पहिला, 'डू_इन्स्टॉल' पुढे कोलन देऊन 'अपेंड' लिहायचं. म्हणजे वरण क्लासचं राहतं आणि फोडणी वरून पडते. दुसरा, स्वतःच्या फंक्शनमध्ये आधी 'ऑटोटूल्स_डू_इन्स्टॉल' बोलवायचं, मग आपलं काम. इंटरनेटवरच्या जुन्या रेसिपींत कोलनऐवजी अंडरस्कोर दिसेल. ही पद्धत २०२१ च्या ३.४ आवृत्तीत बदलली, त्यामुळे कॉपी-पेस्ट जपून करा.

शंका आली तर अंदाज बांधत बसू नका. रेसिपीच्या वर्क फोल्डरमध्ये 'टेम्प' नावाचं फोल्डर असतं. त्यात 'रन' ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये प्रत्यक्ष चाललेलं फंक्शन दिसतं आणि 'लॉग' मध्ये त्याचं आउटपुट. पहिला बिल्ड तासन् तास चालतो, सबमिशन दोन दिवसांवर असतं. अशा वेळी ही दोन मिनिटं खर्च केलेली बरी.