मार्शल रोकोसॉव्हस्की : निष्ठा आणि तिची किंमत

१९४५ सालच्या २४ जूनला मॉस्कोच्या लाल चौकात भर पावसात विजयसंचलन झाले. पांढऱ्या घोड्यावरून मार्शल झुकॉव्ह यांनी मानवंदना स्वीकारली. काळ्या घोड्यावर स्वार होऊन संचलनाचे नेतृत्व केले ते मार्शल कॉन्स्तान्तिन रोकोसॉव्हस्की यांनी. पाचच वर्षांपूर्वी हा सेनानी याच राजवटीचा कैदी होता.

पोलिश वंशाच्या रेल्वे-कामगाराचा हा मुलगा. लहानपणीच पोरका झाला आणि वॉर्सात पाथरवटाचे काम करू लागला. १९१४ साली तो झारच्या घोडदळात शिरला आणि क्रांतीनंतर लाल सेनेत गेला. १९३०च्या सुमारास झुकॉव्ह त्याच्याच हाताखाली होते. १९३७ साली स्टॅलिनच्या संशयाची कुऱ्हाड लष्करावर कोसळली. सोव्हिएत संघाच्या पाच मार्शलांपैकी तिघे तीत बळी पडले. ऑगस्टमध्ये रोकोसॉव्हस्की यांना हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. छळात त्यांचे दात पाडण्यात आले. परंतु खोटा कबुलीजबाब त्यांनी दिला नाही. मार्च १९४० मध्ये त्यांची सुटका झाली. राजवटीला न्यायबुद्धी सुचली असे म्हणण्यापेक्षा तिला सेनापतींची गरज भासू लागली होती, असे म्हणणेच अधिक योग्य ठरेल.

त्या गरजेची परतफेड त्यांनी मॉस्कोच्या वेशीवर केली, स्टालिनग्राडला केली, कुर्स्कलाही केली. पण त्यांची खरी कसोटी लागली मे १९४४ मध्ये. बायलोरशियातील मोहिमेत दलदलीच्या प्रदेशातून बोब्रुइस्कवर एकाच वेळी दोन प्रमुख प्रहार करावेत, असा त्यांचा आग्रह होता. स्टॅलिनला एकच हवा होता. 'शेजारच्या खोलीत जाऊन विचार करा' असे त्यांना दोनदा बजावले गेले, तरी ते मतावर ठाम राहिले आणि अखेर स्टॅलिनने मान तुकवली, असे ते आपल्या आठवणींत सांगतात. झुकॉव्ह यांनी हा प्रसंग नाकारला आहे. मात्र निकालाविषयी वाद नाही : २९ जूनला बोब्रुइस्क पडले, ३ जुलैला मिन्स्क मुक्त झाले आणि जर्मनीचा मध्य सेनासमूह उद्ध्वस्त झाला.

येथेच ही कथा संपली असती तर ती केवळ वीरगाथा ठरली असती. परंतु त्याच वर्षी १ ऑगस्टला वॉर्सातील पोलिश देशभक्तांनी उठाव केला. रोकोसॉव्हस्की यांचे सैन्य शहराजवळ असतानाही तो उठाव जर्मनांनी चिरडला. सैन्य थकले होते हे खरे. स्टॅलिनला मदतीची इच्छा नव्हती, हा आक्षेपही निराधार नाही. पुढे १९४९ साली त्याच पोलंडचे संरक्षणमंत्री म्हणून मॉस्कोने त्यांना पाठविले. जून १९५६ मध्ये पोझनानच्या कामगारांवर सैन्य घातले गेले, तेव्हा ते त्याच पदावर होते. ऑक्टोबरमध्ये गोमुल्का सत्तेवर आले आणि रोकोसॉव्हस्की यांना पोलंड सोडावे लागले. जन्मभूमीच्या लेखी ते परक्या सत्तेचे प्रतिनिधीच ठरले.

३ ऑगस्ट १९६८ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी सुरू होतात त्या सुटकेनंतरच्या दिवसांपासून. तुरुंगाविषयी त्यांत मौन आहे. हे मौन निष्ठेचे की भीतीचे? रणनीतीच्या प्रश्नावर हुकूमशहापुढे ठामपणे उभा राहणारा सेनानी स्वतःवरील अन्यायाबद्दल मूक राहिला आणि इतरांवरील अन्यायाच्या प्रसंगी आज्ञाधारक. शौर्य आणि स्वातंत्र्य एकाच माणसात नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. जी राजवट सैनिकाकडून पहिल्याची अपेक्षा करते आणि दुसऱ्याची शिक्षा देते, ती आपल्या उत्तम माणसांनाही अपुरेच ठेवते.