प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र : पिशवीवरची खूणचिठ्ठी आधी वाचा

आमच्या धर्मग्रामातील काही मुले-मुली महाविद्यालयात शिकत असतानाच जिममधील प्रशिक्षक होण्याचा विचार करू लागली आहेत. विचार चांगला आहे. आपल्या सीमाभागाला तालमीची परंपरा आहे आणि शेतकऱ्याच्या मुलाला अंगमेहनतीचे मोल शिकवावे लागत नाही. १९२० साली हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. तेव्हा हे क्षेत्र ख्रिस्ती माणसाला परके नाही.

अडचण आहे ती प्रमाणपत्राची. उसाचे बिल हाती येते, जाहिरातीत 'नोकरीची हमी' दिसते, मोठी रक्कम भरली जाते आणि पुढे तो कागद कोणी विचारीत नाही. अशी वेळ कोणत्याही घरावर येऊ नये म्हणून हे चार शब्द.

बियाणे घेताना आपण खूणचिठ्ठी पाहतो. निळी असेल तर बियाणे प्रमाणित, म्हणजे बाहेरच्या यंत्रणेने तपासलेले. हिरवी असेल तर सत्यप्रत, म्हणजे हमी बियाणे तयार करणाऱ्याचीच. सत्यप्रत बियाणे वाईटच असते असे नव्हे. पण हमी कोणाची, हे ठाऊक असावे. डॉक्टरला किंवा परिचारिकेला आपल्या देशात कायद्याने नोंदणी लागते. जिममधील प्रशिक्षकाला तशी लागत नाही. त्यामुळे एखादी संस्था स्वतःच शिकवते, स्वतःच परीक्षा घेते आणि स्वतःच शिक्का मारते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा.

पहिला : हमी कोणाची? आपल्याकडे क्रीडा व फिटनेस क्षेत्रासाठी कौशल्य परिषद आहे. तिचे प्रमाणपत्र २०१३ सालच्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत बसते. परदेशी प्रमाणपत्रांपैकी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन (१९५४) आणि अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज (१९८५) यांची नावे मोठ्या जिममध्ये ओळखली जातात. त्यांच्या प्रशिक्षक-परीक्षांना अमेरिकेतील एका स्वतंत्र आयोगाची मान्यता आहे. आखातात किंवा गोव्याच्या हॉटेलात जायचे असेल, तर तेथे कोणते प्रमाणपत्र चालते ते आधी विचारावे, मगच अभ्यासक्रम निवडावा.

दुसरा : पात्रता काय? वरील दोन्ही परीक्षांना १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि सी.पी.आर.चे, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायच्या प्रथमोपचाराचे, प्रमाणपत्र लागते. तेव्हा पदवीचा विद्यार्थी त्यांना बसू शकतो. पण खेळाडूंना घडवणाऱ्या सी.एस.सी.एस. या वरच्या प्रमाणपत्राला पदवी किंवा पदवीचे शेवटचे वर्ष लागते. हायस्कुलात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचे तर बी.पी.एड. हवे आणि त्यालाही आधी पदवी हवी. प्रशिक्षक होण्यासाठी कॉलेज सोडणे म्हणजे पुढची दारे आपल्याच हाताने लावून घेणे होय.

तिसरा : एकूण खर्च किती? परदेशी परीक्षेची फी डॉलरमध्ये असते आणि ते प्रमाणपत्र कायमचे नसते. वरील दोनपैकी पहिले दर तीन वर्षांनी, दुसरे दर दोन वर्षांनी नवे करावे लागते, आणि त्यासाठी पुढचे शिक्षण दाखवावे लागते. पुस्तके इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने फी भरण्यापूर्वी त्यातले एक प्रकरण वाचून पाहावे.

चौथा : हाताने काही शिकवतात का? नुसते व्हिडिओ पाहून माणसाची पाठ कशी वाकते ते कळत नाही. ज्या अभ्यासक्रमात जाणत्याच्या नजरेखाली लोकांना व्यायाम शिकवावा लागतो, तोच घ्यावा.

हे सर्व एवढ्या काळजीने का सांगतो? कारण प्रशिक्षकाच्या हाती दुसऱ्याचा जीव असतो. पन्नाशीचा रक्तदाबाचा रोगी आला, तर आधी डॉक्टरकडे पाठवण्याची बुद्धी हवी. कोणी कोसळला, तर मदत बोलावून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल छाती दाबता आली पाहिजे. ही विद्या शेताच्या बांधावर आणि चर्चच्या अंगणातही उपयोगी पडेल.

आणखी एक. काही ठिकाणी प्रशिक्षकाला पावडरी आणि स्टेरॉइडची इंजेक्शने खपवायला लावतात. स्टेरॉइडने यकृत व हृदय बिघडते आणि वंध्यत्वही येऊ शकते. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, मासळी हे आपल्या घरचेच अन्न आहे, ते आधी सांगावे. शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे ही संत पौलाची शिकवण ज्याने ऐकली, त्याने त्या मंदिरात विष नेऊ नये.

आमची सूचना अशी. पहिल्या वर्षी सी.पी.आर. शिकावे आणि सुट्टीत एखाद्या चांगल्या जिममध्ये मदतनीस म्हणून राबून पाहावे. काम मानवले तर दुसऱ्या वर्षी अभ्यास सुरू करावा, आणि पदवीची परीक्षा सांभाळून प्रमाणपत्राला बसावे. आईबापांनीही मुलाला एकदम नाही म्हणू नये. त्याच्याबरोबर बसून खूणचिठ्ठी वाचावी. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासणाऱ्या घराला हे अवघड नाही.