कागदावरचा कशिदा

कापडावर चुकलेला टाका उसवता येतो, आणि उसवल्यानंतर ती जागा नखाने हलकेच चोळली असता उभे-आडवे धागे पुन्हा एकमेकांजवळ सरकून सुईची खूणही बहुधा नाहीशी होते. कागदाच्या ठायी हे औदार्य नाही, त्याला एकदा पडलेले रंध्र कायमचे असते. म्हणूनच स्वहस्ते केलेल्या शुभेच्छापत्रावर रंगीत दोऱ्याने नक्षी भरण्याची जी कला आहे, ती भरतकामाच्याच कुळातली असली तरी तिचा धर्म निराळा आहे. येथे सुई हातात घेण्यापूर्वी प्रत्येक टाक्याचे स्थान मुक्रर झालेले असावे लागते. प्रथमदर्शनी ही अडचण वाटते. परंतु विचारान्ती असे दिसून येते की, ज्यांच्या हाताला चित्रकलेचे वरदान नाही, त्यांच्यासाठी या कलेचे द्वार याच अडचणीने उघडे ठेवले आहे. कारण जेथे सर्व काही आधी आखावे लागते, तेथे हाताच्या कसबाइतकेच, किंबहुना अधिकच, आखणीतल्या शिस्तीला मोल येते.

जरीकामाच्या कारखान्यात नक्षीचा खाका करतात, म्हणजे कागदावर आकृती रेखाटून तिच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडतात, आणि त्या छिद्रांवाटे रंगाची पूड खाली पसरलेल्या वस्त्रावर उतरवतात. कशिदा वस्त्रावर होतो आणि कागद आपली सेवा बजावून बाजूला होतो. शुभेच्छापत्रावरच्या भरतकामात मात्र हा सेवकच धनी होतो, ज्याला छिद्रे पाडली त्याच कागदावर दोरा चढतो. त्यासाठी कागद जाड हवा. दर चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम वजनाचा कार्डाचा कागद या कामास उत्तम. त्याखाली नमद्याची किंवा मऊ रबराची घडी ठेवावी, वर नक्षीचा पातळ कागद सरकणार नाही अशा बेताने चिकटवावा, आणि लाकडी मुठीत बसवलेल्या बारीक सुईने, ती सरळ उभी धरून, एकेक छिद्र पाडावे. सगळी छिद्रे पाडून झाल्यावर पत्र उजेडासमोर धरले म्हणजे राहून गेलेले स्थान तत्काळ ध्यानात येते. आणि ही तपासणी झाल्यावाचून दोरा ओवू नये.

दोरा नेहमीचा सहापदरीच घ्यावा, परंतु त्यातले एक किंवा फार तर दोन पदर सोडवून वापरावेत. टोकाला गाठ मारण्याचा कापडावरचा रिवाज येथे वर्ज्य आहे, कारण गाठीचा उंचवटा पत्राच्या दर्शनी बाजूवर उमटतो. त्याऐवजी दोऱ्याचे टोक मागच्या बाजूस चिकटपट्टीच्या लहानशा तुकड्याने बसवतात, आणि काम पूर्ण झाल्यावर मागची सर्व बाजू दुसऱ्या कागदाने झाकून टाकतात. टाक्यांच्या निवडीतही विवेक लागतो. टीप, धावदोरा आणि देठटाका हे कागदाला मानवतात. पाकळी संपूर्ण भरून काढणारा दाट टाका मात्र बेतानेच वापरावा, कारण एका रेषेत खेटून पडलेली छिद्रे टपालाच्या तिकिटाच्या कडेप्रमाणे वागतात आणि थोड्याशा ताणाने कागद त्या रेषेवरच फाटतो. याकरिता दोन छिद्रांमध्ये सामान्यतः २ ते ३ मिलिमीटर अंतर राखतात. गाठीच्या टाक्यालाही दोन स्वतंत्र छिद्रे द्यावी लागतात, एरवी ती चिमुकली गाठ आल्या वाटेनेच मागे निसटून जाते.

या कलेला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात समान अंतरावर छिद्रे पाडलेले जाड कागद तयार विकत मिळत, आणि त्यांवर लोकरीने वा रेशमाने पुस्तकातल्या खुणा व सुवचने भरण्याचा छंद घरोघरी पसरला होता. बालोद्यानाचे प्रवर्तक जर्मन शिक्षणज्ञ फ्रोबेल यांनी मुलांसाठी जे हस्तव्यवसाय योजले, त्यांत कागद टोचणे आणि टोचलेल्या कागदावर शिवणे यांचा आवर्जून समावेश केला. पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात फ्रान्समधील आघाडीवरचे सैनिक स्वगृही जी रेशमी पत्रे धाडीत, त्यांनी भरतकामाच्या भेटपत्राला अपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. रेशमी जाळीच्या लांब पट्ट्यांवर एकच नमुना ओळीने पुनःपुन्हा भरून, मग तो कापून उठावदार कागदी चौकटीत चिकटवीत; दोस्त राष्ट्रांची निशाणे, फुलपाखरे, पलटणींची चिन्हे, आई, बहीण वा प्रिया यांना उद्देशून भरलेली दोन-चार प्रेमाची अक्षरे, असे त्यांचे विषय असत. कित्येक पत्रांत रेशमाचा एक इवलासा खिसा ठेवलेला असे आणि त्यातून एक चिमुकले छापील कार्ड निघे. ही पत्रे नाजूक असल्याने पुष्कळदा लिफाफ्यात घालून रवाना होत आणि म्हणूनच आजही संग्रहालयांतून ती रंगासह पाहावयास मिळतात.

परंतु कागदावरच्या दोऱ्याचे मर्म ज्या व्यक्तीने सर्वांत खोलवर ओळखले, ती व्यक्ती व्यवसायाने कशिदाकार नव्हती. मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) ही तर्कगणिताचे जनक जॉर्ज बूल यांची पत्नी. भारताचे महासर्वेक्षक सर जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला दिले गेले, ते तिचे सख्खे काका. तिच्या बालपणी सुयांच्या वह्या आणि टाचण्यांच्या गाद्या करण्यासाठी कडेने छिद्रे पाडलेली कार्डे जोडीने विकत मिळत. त्यांवर चित्र रंगवावे अशी अपेक्षा असे. या मुलीला रंगवता येत नव्हते. तेव्हा तिने त्या छिद्रांतून रेशमाचे धागे आडवे-तिडवे ओढून कार्ड सजवले. आणि धागा बरोबर समोरच्या छिद्रात न नेता थोडा बाजूच्या छिद्रात नेऊ लागल्याबरोबर तिला दिसले की, मध्यभागी जी जागा मोकळी राहते तिची सीमा एक सुडौल वक्ररेषा असते, यद्यपि हातातला प्रत्येक धागा सरळच आहे. १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या बालकांच्या विज्ञानशिक्षणाविषयीच्या आपल्या ग्रंथात तिने हा आनंद नमूद करून ठेवला, आणि त्याच युक्तीचे रूपांतर मुलांना भूमितीची गोडी लावणाऱ्या पद्धतीत केले.

त्या युक्तीचा तपशील कोणालाही पडताळून पाहता येईल. एका काटकोनाच्या दोन्ही भुजांवर समान अंतराने दहा-दहा छिद्रे पाडून, एका भुजेवरचे शिरोबिंदूनजीकचे पहिले छिद्र दुसरीवरच्या दूरच्या दहाव्याशी, दुसरे नवव्याशी, याप्रमाणे जोडत गेले असता त्या सरळ धाग्यांना स्पर्श करीत अन्वस्त वक्र साकार होतो. आता ४ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून कोनमापकाने दर १० अंशांवर छिद्र पाडावे, म्हणजे ३६ छिद्रे होतील. पहिल्यातून तेराव्यात, मागून चौदाव्यात, तेथून पुढच्या बाजूने दुसऱ्यात, मागून तिसऱ्यात आणि तेथून पंधराव्यात, अशा क्रमाने धागा नेत राहिल्यास ३६ जीवा भरून होतात, मागच्या अंगाला केवळ तोकडे टाके राहतात, आणि मधोमध बरोबर २ सेंटिमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ, कोणी न काढलेले, प्रकट होते. याच वर्तुळात प्रत्येक छिद्र त्याच्या दुप्पट क्रमांकाच्या छिद्राशी जोडले, म्हणजे पहिले दुसऱ्याशी, दुसरे चौथ्याशी, आणि छत्तिसापलीकडे गेलेल्या संख्येतून ३६ वजा करून गणती पुढे चालवली, तर हृदयाच्या आकाराचा वक्र उमटतो. स्नेहाच्या पत्राला याहून समर्पक नक्षी कोणती असेल?

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारा शिक्षण देण्याची जी दिशा दाखवली, तिचे सार असे की, हात आणि बुद्धी यांना वेगवेगळ्या वर्गांत बसवू नये. आपल्या शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला शुभेच्छापत्रे होतात, त्यांवर तयार चकत्या व चमकी चिकटवली जाते. आणि भूमितीच्या तासाला तेच विद्यार्थी जीवा, त्रिज्या व स्पर्शिका यांच्या व्याख्या घोकतात. या दोन तासांच्या मधली भिंत एक सुई, एक कार्ड आणि सुमारे पावणेतीन मीटर दोरा एवढ्या साहित्याने दूर होऊ शकते, कारण वर सांगितलेल्या छत्तीस छिद्रांच्या वर्तुळाला तेवढाच दोरा लागतो. ज्या मुलाची चित्रकलेच्या वहीतील फुले वाकडी येतात आणि म्हणून जे स्वतःला कलेच्या बाहेरचे समजते, त्याला नियमातून सौंदर्य निर्माण करण्याचा हा अधिकार अवश्य मिळाला पाहिजे. येत्या दिवाळीच्या शुभेच्छापत्रांसाठी कार्यानुभवाच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी एक तास एकत्र घ्यावा, एवढीच तजवीज त्यासाठी हवी, आणि ती करणे कोणत्याही मुख्याध्यापकाच्या अखत्यारीत आहे.