काठीचा शब्दवंश

संस्कृतांत ‘दंड’ म्हणजे काठी आणि ‘दंड’ म्हणजेच शिक्षा. आज दंड पैशांनीं भरतां येतो. तरी मूळची काठी त्या शब्दांत उभीच आहे. यूरोपीय भाषांतही असाच प्रकार दृष्टीस पडतो. जर्मन भाषेंत ‘प्र्यूगेल’ म्हणजे सोटा, व त्यानें बसणारा मारही ‘प्र्यूगेल’च. स्पॅनिश ‘पालो’ म्हणजे काठी. तिच्यापासून ‘पालिथा’, म्हणजे चोप.

लॅटिन भाषेंत सोट्यास ‘फुस्तिस’ म्हणत. ह्या शब्दाची कथा मात्र थोडें थांबून ऐकण्यासारखी आहे. रोमन सैन्यांत रात्रीच्या पहाऱ्यावर चुकलेला शिपाई दोषी ठरला, म्हणजे अधिकारी त्यास सोट्यानें नुसता स्पर्श करी. तो स्पर्श होतांच त्याचेच सोबती काठ्या व दगड घेऊन त्याजवर तुटून पडत, आणि बहुधा तो छावणींतच मरे. पॉलिबिअस हा ग्रीक इतिहासकार सांगतो कीं, जो कोणी यांतून वांचे त्यासही घरीं परततां येत नसे; आप्तेष्ट त्यास थारा देण्यास धजत नसत. ह्या शिक्षेचें नांव ‘फुस्तुआरियुम’. आणि आज? ‘फुस्तिस’पासूनच निघालेलें फ्रेंच क्रियापद ‘फ्युस्तिझे’ बहुतेक कडक टीकेपुरतें उरलें आहे. ज्या सोट्यानें माणूस मरत असे, त्याच्या नांवानें आतां फार तर एखादा मंत्री चिडतो!

‘केन’ ह्या इंग्रजी शब्दाशीं विद्यार्थ्यांचा परिचय जुना. त्याचें मूळ ग्रीक ‘कान्ना’, म्हणजे बोरू. सरळ काठी, मोजपट्टी व पुढें नियम असे अर्थ घेत गेलेला ‘कॅनन’ हा शब्दही त्यावरूनच झाला असें मानतात. तेव्हां छडी व नियम हीं एकाच बेटांतलीं! ब्रिटनच्या सरकारी शाळांतून छडी १९८६ च्या कायद्यानें गेली, आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षेस बंदी झाली. क्रियापद मात्र कोशांत कायम आहे.

इंग्रजी ‘ड्रब’ हा शब्द सतराव्या शतकांत उत्तर आफ्रिका व तुर्कस्थान पाहून आलेल्या प्रवाशांच्या लेखांतून इंग्रजींत शिरला. अरबी ‘दरब’, म्हणजे मार, हेंच त्याचें मूळ असावें. हल्लीं सामन्यांत एखाद्या संघाचा दारुण पराभव झाला, कीं त्यास ‘ड्रबिंग’ म्हणतात. त्याच अरबी शब्दाची दुसरी वाट फारसींतून मराठीकडे आली. आपली ‘जरब’ ती हीच. आणि ती छडी न उगारतांही बसते.