मनाचे औषध आणि डोळ्यांची नजर

मनोविकारावरील औषधाने झोप लागते, मन स्थिरावते. पण बारामतीच्या पेठेतील एखाद्या दुकानदारास खतावणीचे आकडे पुसट दिसू लागतात, इंदापूरच्या एखाद्या बाईस सुईत दोरा ओवता येत नाही. ‘औषधाने डोळे गेले’ म्हणून गोळ्या बंद होतात आणि जुना विकार उलटतो.

वस्तुतः जवळचे पाहताना डोळ्यातील एक बारीक स्नायू भिंगाला फुगवटा देतो. अमिट्रिप्टिलीन, ट्रायहेक्सिफेनिडिल ही औषधे त्या स्नायूकडे जाणारा मज्जातंतूंचा संदेश अडवितात. हे अंधत्व नव्हे. मात्रा बदलली की नजर बहुधा पूर्ववत होते.

सर्वच तक्रारी मात्र इतक्या सौम्य नसतात. १९५२ साली पॅरिसमध्ये मनोविकारांवर प्रथम योजलेले क्लोरप्रोमाझिन वर्षानुवर्षे मोठ्या मात्रेत घेतल्यास भिंगात कण साचू शकतात. थायोरिडाझिनची मोठी मात्रा दृष्टिपटलास इजा करी. २००५ साली मूळ उत्पादकांनी ते जगभर मागे घेतले. शिवाय बाहुली रुंदावून काहींच्या डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो. डोळा लाल होऊन ठणकला, दिव्याभोवती कडी दिसली, तर त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा.

एरवी गोळी आपल्या मनाने सोडू नये. देणाऱ्या डॉक्टरांस अडचण सांगावी. आणि चष्म्याचा नंबर काढतानाही गोळ्यांचे नाव लाजेने लपवू नये. मन व डोळे एकाच माणसाचे असतात, हे वैद्यास आपणच सांगावयाचे असते.