हरवलेली किल्ली आणि जपलेली नोंद

सातारच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका विद्यार्थ्याचा प्रवेश नोंदवला गेला. रजिस्टरातील १९१४ या क्रमांकासमोरची ती नोंद शाळेने जपली. म्हणूनच महाराष्ट्र शासनाला २०१७ पासून तो दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा करता आला. त्या दिवशी रजिस्टर लिहिणाऱ्या लिपिकाला आपण कोणाचे नाव लिहीत आहोत, याची कल्पना असणे शक्यच नव्हते. शाळेची नोंदवही अशीच असते. उद्या कोणती ओळ कोणाच्या कामी येईल, हे आज सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक ओळ सारख्याच निष्ठेने सांभाळावी लागते.

आमच्या वाचकांना या निष्ठेचे मोल वेगळे सांगायला नको. जात पडताळणी समितीपुढे उभे राहिलेल्या अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातीच्या अर्जदाराकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तेव्हा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत कुटुंबे गावोगाव फिरतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे जुन्या रजिस्टरातील जातीचा रकाना बौद्ध कुटुंबांनाही आवश्यक ठरला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर मुलांचे प्रवेश, वसतिगृह व शिष्यवृत्ती अशाच ओळींवर अवलंबून असतात.

आता हे रजिस्टर बऱ्याच ठिकाणी संगणकात गेले आहे. ‘सरल’ किंवा ‘यू-डायस’ यांवरील माहिती शासनाच्या यंत्रणेत असते. तेथील पासवर्ड विसरला तर शिक्षण खात्यामार्फत तो नव्याने मिळवण्याची वाट असते. पण अनेक संस्थांच्या कार्यालयात स्वतःचा एक संगणक असतो आणि त्यावर प्रवेश, फी, वसतिगृह व दाखले यांची माहिती ठेवलेली असते. ही माहिती सांभाळणाऱ्या प्रणालीला ‘डेटाबेस सर्व्हर’ म्हणतात. तिचा एक सर्वाधिकारी असतो आणि त्याचा एक पासवर्ड असतो. प्रणाली बसवून देणारा तंत्रज्ञ गाव सोडून जातो, लिपिक निवृत्त होतो, आणि एके दिवशी लक्षात येते की तो पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे समजावून सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कुलूप नेमके कोणते?

पहिला प्रश्न असा की अडले आहे ते कोठे? अशा संगणकावर सामान्यतः तीन दरवाजे असतात. पहिला संगणक उघडण्याचा, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सचा. दुसरा शाळेच्या सॉफ्टवेअरचा, ज्यात लिपिक रोज शिरतो. तिसरा डेटाबेसचा, ज्याच्याशी ते सॉफ्टवेअर आतून बोलते. सॉफ्टवेअर सुरळीत चालत असेल आणि केवळ लिपिकाला आत जाता येत नसेल, तर डेटाबेसला हात लावण्याचे कारणच नाही. सॉफ्टवेअरमधील दुसरा अधिकारी त्याला नवा पासवर्ड देऊ शकतो.

दुसरा प्रश्न पडद्यावर उमटलेल्या संदेशाचा. ‘कनेक्ट होता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश असेल तर बहुधा सर्व्हरच बंद पडलेला असतो. पासवर्डचा तेथे संबंध नसतो, सर्व्हिस पुन्हा सुरू केली की काम होते. ‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश असेल तरच प्रश्न ओळखीचा आहे. मायएसक्यूएल या प्रचलित प्रणालीत त्या संदेशाच्या शेवटी पासवर्ड वापरला होता की नाही, हेही ‘यस’ किंवा ‘नो’ या शब्दात लिहिलेले असते. ‘नो’ असेल तर पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नाही, असे समजावे.

तिसरी तपासणी साधी, पण आपल्या कार्यालयांत फार उपयोगाची. मराठी टंकलेखनासाठी कळफलक देवनागरीवर ठेवलेला असतो आणि पासवर्डच्या रकान्यात तर केवळ ठिपके दिसतात. त्यामुळे योग्य कळा दाबूनही भलतीच अक्षरे आत जातात. कॅप्स लॉकचेही तसेच. एखाद्या कोऱ्या पानावर पासवर्ड टंकून पाहावा आणि मग पुसून टाकावा, म्हणजे शंका फिटते. आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. ‘झॅम्प’ नावाच्या संचातून डेटाबेस बसवला असेल तर त्याच्या सर्वाधिकाऱ्याला मुळात पासवर्डच दिलेला नसतो. तेथे किल्ली हरवलेली नसून कुलूपच लावलेले नाही, आणि ती गोष्ट अधिक काळजीची आहे.

जुना पासवर्ड परत का मिळत नाही?

या तपासण्या करूनही दार उघडले नाही, तर पासवर्ड खरोखरच हरवला आहे. मग पुष्कळांना वाटते की तो संगणकात कोठेतरी लिहून ठेवलेला असेल आणि जाणकार तो काढून देईल. चांगली प्रणाली पासवर्ड लिहून ठेवत नाही. ती त्याचे पीठ करून ठेवते. बाजरी जात्यात घातली की पीठ मिळते, पण पिठापासून दाणे परत करता येत नाहीत. आपण पासवर्ड टंकला की सर्व्हर तो त्याच जात्यातून काढतो आणि निघालेले पीठ जपलेल्या पिठाशी ताडून पाहतो. जुळले तर दार उघडते. या क्रियेला ‘हॅशिंग’ म्हणतात. म्हणून हरवलेला पासवर्ड शोधायचा नसतो, त्याच्या जागी नवा बसवायचा असतो.

तो बसवता येतो, कारण ज्याच्या ताब्यात यंत्र आणि त्या यंत्राचा मुख्य अधिकार आहे, त्याला डेटाबेस आपला मालक मानतो. घराच्या मालकाने कपाटाचे कुलूप बदलावे, तसा हा प्रकार आहे.

कामाचा क्रम

सर्वप्रथम मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार दखलपात्र विषय आहे, आणि परवानगीचा कागद काम करणाऱ्याचेही रक्षण करतो. त्यानंतर डेटाबेसची सर्व्हिस रीतसर बंद करावी आणि माहितीचा संपूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा. ही प्रत हाती येण्यापूर्वी पुढचे पाऊल टाकू नये. घाईने सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करणे किंवा संगणक फॉरमॅट करणे हा सर्वांत घातक उपाय होय. त्यात कुलूप जाते आणि कपाटही जाते.

पुढील आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकायच्या असतात, येथे आम्ही त्यांचे उच्चार देत आहोत. मायएसक्यूएल आणि त्याचे भावंड मारियाडीबी यांसाठी सुरक्षित वाट अशी : ‘ऑल्टर यूजर’ या आज्ञेने सर्वाधिकारी ‘रूट’ याला नवा पासवर्ड देणारी एक ओळ साध्या फाइलमध्ये लिहावी. सर्व्हर सुरू करताना ‘इनिट-फाइल’ या पर्यायाने त्या फाइलचा पत्ता द्यावा. सर्व्हर उठताच ती ओळ वाचतो आणि पासवर्ड बदलतो. नंतर ती फाइल न विसरता नष्ट करावी, कारण तिच्यात नवा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, आणि सर्व्हर नेहमीच्या रीतीने पुन्हा सुरू करावा.

दुसरी वाट ‘स्किप ग्रँट टेबल्स’ ही. या पर्यायाने सर्व्हर सुरू केला की तो कोणाचीच ओळख विचारत नाही. म्हणजे तेवढा वेळ दार सताड उघडे असते. म्हणून त्यासोबत ‘स्किप नेटवर्किंग’ लावून बाहेरचा रस्ता बंद ठेवावा. आत गेल्यावर आधी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ ही आज्ञा द्यावी आणि मग पासवर्ड बदलावा. लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रकारांत बहुधा एवढाही खटाटोप लागत नाही. संगणकाचा मुख्य अधिकारी ‘सुडो’ वापरून डेटाबेसमध्ये थेट जाऊ शकतो.

पोस्टग्रेस असेल तर ओळख कशी तपासायची याचे नियम एका फाइलमध्ये असतात. तिची प्रत काढून, त्याच संगणकावरून येणाऱ्यांसाठीचा नियम तात्पुरता ‘ट्रस्ट’ असा करावा, सर्व्हरला नियम पुन्हा वाचायला लावावे, पासवर्ड बदलावा आणि मूळ नियम तत्काळ परत ठेवावा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो एकट्या वापरकर्त्यासाठीच्या पद्धतीने सुरू केला की त्या विंडोज संगणकाच्या ॲडमिनिस्ट्रेटरला सर्वाधिकार मिळतो, आणि तो नवा अधिकारी नेमू शकतो.

पासवर्ड बदलल्यानंतरही एक काम उरते. शाळेचे सॉफ्टवेअर जुनाच पासवर्ड वापरत असेल तर ते दुसऱ्या दिवशी बंद पडेल. त्याच्या सेटिंगमध्ये आणि रोजच्या बॅकअपच्या व्यवस्थेतही नवा पासवर्ड घालावा. शेवटी एक जुना दाखला काढून पाहावा. तो बरोबर निघाला म्हणजे काम पुरे झाले.

जेथे उपाय चालत नाही

आतापर्यंत सांगितले ते कुलपाविषयी. माहितीच सांकेतिक रूपात बदलून ठेवली असेल, उदाहरणार्थ विंडोजच्या ‘बिटलॉकर’ने संपूर्ण डिस्क बंदिस्त केली असेल, तर गोष्ट निराळी. तेथे दार फोडूनही आत वाचता येईल असे काही नसते.

हा भेद आमच्या जुन्नरच्या डोंगरांवर कोरलेला आहे. लेण्याद्री, मानमोडी आणि शिवनेरी येथील लेण्यांत ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहेत. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये मंडप व पाण्याचे टाके दिल्याची नोंद मानमोडीला आहे. धान्याचे व्यापारी, बांबूचे काम करणारे, काशाचे कारागीर यांच्या श्रेणी आणि दान देणारे यवन येथील लेखांत भेटतात. लेख उघड्यावर होते, त्यांवर पहारा नव्हता. पण लिपीची किल्ली हरवली, आणि शेकडो वर्षे ती अक्षरे डोळ्यांसमोर असून कोणाला वाचता येईनात. धम्माला दान देणाऱ्यांची नावे विस्मृतीत गेली आणि लेणी पांडवांच्या नावावर सांगितली जाऊ लागली. नोंद शाबूत राहूनही वाचता आली नाही, की तिचा इतिहास दुसऱ्याच्या नावे लागतो.

१८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडली. सांचीच्या अनेक छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी हेरले आणि तो शब्द ‘दानं’ असावा असे ताडले. पुनरावृत्तीने त्यांना वाट दाखवली. आजची सांकेतिक पद्धती नेमकी हीच पुनरावृत्ती पुसून टाकते. त्यामुळे बिटलॉकरची पुनर्प्राप्तीची किल्ली हरवली, तर कोणी प्रिन्सेप मदतीला येईल या आशेवर राहता येत नाही.

किल्ली कोणाजवळ असावी?

या प्रश्नाचा विचार विनयपिटकात झालेला आहे. महावग्गात संघाच्या भांडाराचा रक्षक, म्हणजे भांडागारिक, नेमण्याची रीत आहे. पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांनी न ढळणारा, आणि काय सुरक्षित आहे व काय नाही हे जाणणारा भिक्खू त्या कामी योग्य मानला आहे. त्याची नेमणूक संघाने, संघासमोर करावयाची असते. भांडार संघाचे असते, रक्षक त्याचा मालक नसतो. संगणकाच्या सर्वाधिकाऱ्यालाही हाच नियम लागू पडतो.

म्हणून प्रत्येक संस्थेने पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट सीलबंद करून, त्यावर दोघांच्या सह्या घेऊन तिजोरीत ठेवावा. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांची पाकिटे जशी सांभाळतो, तसे हे पाकीट सांभाळावे. पदभार देताना ते हस्तांतरणाच्या यादीत असावे. वर्षातून एकदा ते उघडून पासवर्ड चालतो का ते पाहावे, बदलावा आणि पुन्हा सील करावे. सर्वाधिकाराचा पासवर्ड रोजच्या कामाला वापरू नये. लिपिकाला त्याच्या कामापुरता वेगळा अधिकार द्यावा.

माहितीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावात असावी. आंबेगाव तालुक्याला हे नव्याने शिकवावे लागत नाही. तालुक्याला नाव देणारे गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसे गेली, आणि घरांसोबत घरांतले कागदही गाडले गेले. तसेच जुनी हस्तलिखित रजिस्टरे संगणक आल्यावर रद्दीत घालू नयेत. त्यांना पासवर्ड लागत नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस आपल्या शाळेच्या, गावच्या विहाराच्या किंवा पतसंस्थेच्या कार्यालयात बसून दोनच गोष्टी तपासाव्यात : पाकीट जागेवर आहे का, आणि बॅकअपमधून एक तरी दाखला परत काढता येतो का. पालकांनीही हा प्रश्न शाळेच्या सभेत विचारावा. पुढे कधी एखादी नात आजोबांचा दाखला मागायला येईल, तेव्हा तिला तो त्याच दिवशी मिळाला पाहिजे.